रिसर्चचा कोड आणि मॉडेल खुलं कसं करायचं, इस्कटून सांगतो

कोल्हापुरात विद्यापीठात म्हणा नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजात म्हणा, दोन विषयांवर कोणी ना कोणी काम करतच असतं, एक पंचगंगेचा पूर आणि दुसरा ऊस. पेपर येतात, पीएचडी होते, आणि पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते की कोड आणि डेटा विनंती केल्यास मिळेल. विनंती करून बघा एकदा. मेल परत येतो, किंवा उत्तर येतं की ज्यानं कोड लिहिला तो पोरगा पुण्यात कंपनीत लागला आणि लॅपटॉप त्याचाच होता. मग पुढच्या बॅचचा विद्यार्थी परत पहिल्यापासून तेच आकडे टाईप करत बसतो आणि त्याच खड्ड्यात पडतो.

म्हणून उदाहरणाला दोन प्रोजेक्ट धरू. एक, धरणक्षेत्रातला पाऊस आणि विसर्ग बघून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आधी सांगणारं मॉडेल. दुसरं, मोबाईलवर काढलेल्या उसाच्या पानाच्या फोटोवरून तांबेरा रोग आहे का ते ओळखणारं. माप एकच ठेवायचं, अनोळखी माणसानं तुमचं सगळं डाउनलोड केलं तर तुम्हाला एकही फोन न करता पेपरमधला आकडा त्याच्या मशीनवर निघाला पाहिजे.

आधी परवानगी, मग बाकीचं

कोड आपण रात्र रात्र जागून लिहिलाय म्हणजे तो आपलाच, असं नसतं बरं का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत धरलाय, लिहिला की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी करायची गरज नाही. पण नोकरीचं काम म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक नोकरी देणारा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत संस्थेची स्वतःची पॉलिसी असते, ती मागून घ्या आणि वाचा. गाइड, सहलेखक, फंडिंग देणारे, सगळ्यांची हो मेलवर घ्या, व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर जाऊ नका. साखर कारखान्यानं सभासदांचा डेटा दिला असेल तर कशाच्या अटीवर दिला ते कागद काढून बघा, कारण "संशोधनासाठी वापरा" आणि "जगाला वाटा" यात लई अंतर आहे.

पेटंटचं म्हणाल तर नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, कलम ३ मध्येच तसं लिहिलंय. पण कोडबरोबर एखादं यंत्र, सेन्सर, नवी पद्धत असेल आणि त्यावर पेटंट घ्यायचा विचार असेल तर आधी अर्ज करा, मग कोड टाका, कारण एकदा जगजाहीर झालं की नावीन्य गेलं.

"कोणी चोरलं तर" ही भीती सगळ्यांनाच असते. तारखेसकट, नावासकट जाहीर पडलेल्या गोष्टीवर दावा सांगणं सोपं जातं, पेनड्राइव्हमधल्या गोष्टीवर नाही. आणि "कोड लई घाण आहे हो, लाज वाटते" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, घाण पण चालणारा कोड मिळाला तरी लोक खूश असतात.

फोल्डरची झाडलोट

सगळ्यांच्या फोल्डरमध्ये फायनल, फायनल २, सरांनी सांगितलेलं फायनल अशा फायली असतातच. पहिलं काम, पेपर समोर घेऊन बसा आणि प्रत्येक आकृती, प्रत्येक तक्ता कुठल्या स्क्रिप्टमधून निघाला ते कागदावर लिहा. ज्या फायलीचं नाव त्या कागदावर आलं नाही ती बाहेर. हा कागदच पुढं रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फायलीत, जातो, "तक्ता २ साठी ही स्क्रिप्ट चालवा" एवढ्या साध्या भाषेत.

मग कोडमध्ये शोधा, कुठं सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप असले पत्ते लिहिलेत का. ते सगळे काढून प्रोजेक्टच्या फोल्डरपासून सुरू होणारे पत्ते टाका, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्याच ओळीला कोड बसतो.

पासवर्ड आणि एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरायला मिळणारा गुप्त कोड) हा वेगळा विषय. नकाशासाठी नाहीतर सॅटेलाइट इमेजसाठी घेतलेली की कोडमध्येच चिकटवलेली असते. गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काय होतं, तुम्ही ती ओळ आज पुसली तरी कालच्या कमिटमध्ये (जपून ठेवलेल्या बदलात) ती तशीच बसलेली असते आणि कोणीही मागं जाऊन वाचू शकतो. म्हणून आधी ती की रद्द करून टाका, तेच महत्त्वाचं, आणि मग इतिहास साफ करा. त्यासाठी गिट फिल्टर रेपो नावाचं टूल आहे, पण माझं मत विचाराल तर एका पेपरच्या कोडसाठी एवढी खटपट करण्यापेक्षा स्वच्छ कॉपी घेऊन नवीन रिपॉझिटरी (गिटमधलं प्रोजेक्टचं फोल्डर) सुरू करा, जुना इतिहास कोणाला बघायचाय?

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड तुकड्या-तुकड्यानं (सेल) चालवायच्या फायली, असतील तर रीस्टार्ट करून वरून खालपर्यंत एका दमात चालवून बघा. आपण सेल मागं-पुढं चालवलेले असतात, त्यामुळं आपल्याकडं चालतं आणि दुसऱ्याकडं नाही. आणि टाकायच्या आधी आउटपुट एकदा डोळ्याखालून घाला, डेटाच्या पहिल्या पाच ओळी छापलेल्या असतात आणि त्यात शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर सगळं दिसत असतं.

डेटा, सगळी गोम इथंच आहे

ह्या भागावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण कोड चुकला तर एरर येतो, डेटा चुकला तर काहीच येत नाही, आकडा निघतो आणि तो चुकीचा असतो.

राजाराम बंधाऱ्याचंच घ्या. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, कोल्हापुरातल्या शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. पातळी जाहीर होते फूट आणि इंचात. आता टाईप करणारा ३९ फूट १ इंच हे ३९.१ असं टाकतो, आणि ३९ फूट १० इंच असेल तर ३९.१०. एक्सेल शेवटचं शून्य खाऊन टाकतं, दोन्ही ३९.१, म्हणजे ९ इंचाचा फरक जागेवर गायब. त्यात पुढची गंमत बघा, ३९ फूट ११ इंच झालं ३९.११ आणि ३९ फूट २ इंच झालं ३९.२, म्हणजे मॉडेलच्या हिशोबानं २ इंच हे ११ इंचापेक्षा जास्त. मॉडेल बिचारं त्यातूनच शिकतं. खरा हिशोब असा की ३९ फूट ४ इंच म्हणजे ३९.३३ फूट, मीटरमध्ये ११.९९. म्हणून फूट एका कॉलममध्ये, इंच दुसऱ्या कॉलममध्ये, आहे तसं कच्चं ठेवायचं, आणि रूपांतर स्क्रिप्टनं करायचं, हातानं कधीच नाही. कच्चा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि त्याला परत हात लावायचा नाही. आणि ही पातळी बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरची आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, हे पण लिहून ठेवा, नाहीतर बाहेरचा माणूस ती थेट सॅटेलाइटच्या उंचीच्या नकाशाला जोडणार.

पावसाचं अजून एक. हवामान खात्याचा एका दिवसाचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा. म्हणजे ५ ऑगस्टच्या नावावर मांडलेल्या पावसातला बराचसा ४ तारखेला पडलेला असतो. एक दिवस आधी पातळी सांगणाऱ्या मॉडेलमध्ये हा एक दिवस इकडचा तिकडं झाला तर अख्खा निकालच बदलतो, त्यामुळं तारीख म्हणजे नक्की कुठली वेळ ते लिहायलाच पाहिजे. तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस याच क्रमानं लिहा, ०५/०८/२०१९ ही ५ ऑगस्ट का ८ मे ते अमेरिकेतल्या माणसाला कळणार नाही, आणि पुराच्या मॉडेलमध्ये मे आणि ऑगस्ट म्हणजे काय फरक ते सांगायला नको.

विसर्ग क्युसेक (सेकंदाला घनफूट) का क्युमेक (सेकंदाला घनमीटर)? १ क्युमेक म्हणजे जवळपास ३५.३ क्युसेक. राधानगरीचा विसर्ग लिहिला असेल तर तो नुसता स्वयंचलित दरवाजांचा का वीजगृहातून सोडलेला धरून? नकाशाच्या फायली कुठल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या कुठल्या पद्धतीत, आहेत? कोल्हापूर यूटीएम ह्या पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं, त्याचा ईपीएसजी कोड (प्रोजेक्शनचा ओळख नंबर) ३२६४३. हे सगळं एका साध्या तक्त्यात बसवा, कॉलमचं नाव, अर्थ, एकक, कुठून आलं, मोकळी जागा दिसली तर तिचा अर्थ काय. मोकळी जागा म्हणजे शून्य पाऊस का मोजलाच नाही, ह्या एका प्रश्नावर लोकांचे महिने गेलेत.

आता हा डेटा तुम्हाला वाटता येतो का? सरकारी पोर्टलवर दिसतोय म्हणजे परत प्रसिद्ध करायची परवानगी आहे असं नाही, अटी वाचा. परवानगी नसेल किंवा स्पष्ट नसेल तर डेटा टाकू नका, डाउनलोड कसा करायचा त्याच्या पायऱ्या किंवा स्क्रिप्ट टाका, कुठल्या तारखेला घेतला ते लिहा, आणि फायलीचा शा-२५६ चेकसम (फायलीतल्या मजकुरावरून निघणारा ओळख आकडा) द्या म्हणजे समोरच्याला आपलीच फाईल मिळाली का ते तपासता येतं. शिवाय बनावट आकड्यांची एक छोटी नमुना फाईल द्या, खरा डेटा हातात नसला तरी कोड निदान चालून तरी बघता येतो.

उसाच्या फोटोंकडे या. मोबाईलच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या आतच लपलेले असतात. एक्झिफटूल नावाचं फुकट टूल आहे, एकदा फिरवलं की सगळं साफ. गट नंबर, सातबारावरचं नाव, मोबाईल नंबर यातलं काहीही फायलीच्या नावात नको, आणि ठिकाण सांगायचंच असेल तर करवीर, शिरोळ, हातकणंगले असं तालुक्यापर्यंतच थांबा. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा, एखाद्याच्या रानात रोग आलाय हे जाहीर करायला आपल्याला त्यानं सांगितलंय का? फोटो घेतानाच विचारा आणि सही घ्या.

अजून एक, ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्टिंगची (तपासायचा डेटा) वाटणी ज्या यादीनं केली ती यादी टाकाच. एकाच पानाचे चार फोटो काढले आणि त्यातले तीन ट्रेनिंगमध्ये, एक टेस्टमध्ये गेला तर ९९ टक्के अचूकता कोणालाही येते. पुराचं पण तेच, एकाच पुरातले तास यादृच्छिक वाटले तर शेजारचा तास मॉडेलनं आधीच बघितलेला असतो. अख्खा एक पूर बाजूला काढून त्यावर टेस्ट घ्या, २०१९ च्या पुरावर शिकवलं तर २०२१ च्या पुरावर तपासा. यादी उघडी असली की वाचणाऱ्याला कळतं तुम्ही काय केलंय, आणि खरं सांगू, बऱ्याच जणांना हेच नको असतं.

दुसऱ्याच्या मशीनवर चाललं पाहिजे

पायथन असेल तर रिक्वायरमेंट्सची फाईल, पण त्यात नुसती लायब्ररीची नावं नकोत, आवृत्तीचे आकडे पण पाहिजेत, आणि पायथनची आवृत्ती सुद्धा. आर भाषेत काम असेल तर ह्याच कामासाठी आरएन्व्ह वापरा. मॅटलॅब असेल तर कुठलं रिलीज आणि कुठले टूलबॉक्स ते लिहा. डॉकर (कोड आणि लायब्ररी एकत्र बांधून देणारं टूल) येत असेल तर उत्तम, येत नसेल तर त्याच्यासाठी महिना घालवू नका.

पुरावर काम करणारे बरेच जण हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते फुकट मिळतं पण त्याचा सोर्स कोड खुला नाही, त्यामुळं तुम्ही सॉफ्टवेअर वाटत नाही, तुमचं मॉडेल वाटता. मग जिऑमेट्री, प्लॅन आणि फ्लोच्या फायली, जमिनीच्या उंचीची फाईल, प्रोजेक्शनची फाईल आणि हेक-रासची आवृत्ती एवढं सगळं एकत्र द्या. मॅनिंगचा गुणांक (पाण्याला जमिनीचा किती अडथळा होतो तो आकडा) कुठल्या पट्ट्यात किती धरला आणि का, हे दोन ओळीत सांगा, उभ्या उसाच्या रानातून पाणी जाणं आणि मोकळ्या नदीपात्रातून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक त्या एका आकड्यात बसलेला असतो.

रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) फिक्स करा आणि लिहून ठेवा. तरी पण ग्राफिक्स कार्डवर शेवटच्या दशांशापर्यंत तोच आकडा येईल अशी खात्री देता येत नाही, त्यामुळं वेगवेगळ्या सीडवर पाच-दहा वेळा चालवून किती इकडं-तिकडं होतं ते सांगा. समोरच्याला ०.८७ च्या जागी ०.८६ आलं तर त्याला कळायला पाहिजे की हे चालतंय.

आता परीक्षा. दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या मित्राला बोलवा, त्याच्या लॅपटॉपवर फक्त तुमची लिंक द्या, आणि शेजारी तोंड बंद करून बसा. तो विचारेल, "ही फाईल कुठं ठेवायची?" उत्तर देऊ नका, वहीत लिहा. तो म्हणेल, "हे किती वेळ चालणार आहे रे, अडकलंय का?" ते पण लिहा. त्या वहीत जे जमा होईल ते सगळं रीडमीमध्ये गेलं पाहिजे. हे काय करतं, कसं इन्स्टॉल करायचं, कुठली एक कमांड दिली की छोटा नमुना चालतो, किती वेळ आणि किती रॅम लागते, कुठला आकडा आला म्हणजे बरोबर, आणि प्रश्न असेल तर कुणाला विचारायचं. रीडमी इंग्रजीत असू द्या, पण मराठीत पण एक लिहून सोबत द्या, पाटबंधारे खात्यातल्या नाहीतर कृषी सहायकाच्या हातात पण हे कधी पडेल.

लायसन्स

लायसन्सची फाईल नसेल तर कोड दिसतो पण कायद्यानं कोणाला वापरता येत नाही, सगळे हक्क तुमच्याकडंच राहतात. रिपॉझिटरी पब्लिक केली म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं, ते तसं नाही.

कोडसाठी एमआयटी किंवा बीएसडी घ्या, म्हणजे तुमचं नाव तसंच ठेवून कोणीही काहीही करू शकतं. पेटंटची काळजी असेल तर अपाची २.०, त्यात पेटंटचं कलम स्पष्ट आहे. कोणी सुधारून वाटलं तर त्यानंही खुलंच ठेवावं असं वाटत असेल तर जीपीएल. डेटा, नकाशे, लेखासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय ४.०, पण ते कोडला लावू नका, क्रिएटिव्ह कॉमन्सवालेच स्वतः सांगतात की सॉफ्टवेअरला वापरू नका. स्वतःचं लायसन्स तर अजिबात लिहू नका, "फक्त चांगल्या कामासाठी वापरावे" असल्या ओळीनं प्रामाणिक माणूसच घाबरून लांब जातो.

आणि आधी कुणाचा कोड घेतलाय ते बघा. पानांचे रोग ओळखणारे बरेच प्रोजेक्ट योलोवर (फोटोतल्या वस्तू ओळखणारं मॉडेल) असतात, आणि अल्ट्रालिटिक्सच्या योलोचं लायसन्स एजीपीएल-३.० आहे, म्हणजे जीपीएलच्याच जातीचं. त्यावर बांधलेल्या कोडवर एमआयटी लावून मोकळं होता येत नाही.

ट्रेन केलेलं मॉडेल कुठं आणि कसं

गिटहबवर, म्हणजे गिटच्या रिपॉझिटरी ठेवायच्या वेबसाइटवर, १०० एमबीच्या वरची फाईल जात नाही, त्यामुळं वेट्स (मॉडेलनं शिकलेले आकडे) वेगळीकडं ठेवावे लागतात. हगिंग फेस किंवा झेनोडो ह्या वेबसाइट ठीक आहेत. कॉलेजच्या मेल आयडीवरचा गूगल ड्राइव्ह नको, तुम्ही पास होऊन गेलात की अकाउंट बंद आणि लिंक मेली.

वेट्स पायथनच्या पिकल फाईलमध्ये देऊ नका. पिकल उघडताना तिच्या आतला कोणताही कोड चालू शकतो, त्यामुळं अनोळखी माणसाची पिकल फाईल शहाणा माणूस उघडत नाही. सेफटेन्सर्स फाईलमध्ये द्या, त्यात फक्त आकडे असतात.

मॉडेलबरोबर मॉडेल कार्ड, म्हणजे मॉडेलचं माहितीपत्रक, द्या, ही कल्पना २०१९ च्या एका पेपरमधून आली आणि आता सगळीकडं चालते. त्यात सगळ्यात कामाचा भाग म्हणजे हे मॉडेल कुठं चालत नाही तो. कुठल्या जातीचा ऊस, को ८६०३२ वर शिकवलं असेल तर तसं लिहा, कुठल्या महिन्यात, उन्हात का ढगाळ दिवशी फोटो काढले, पानावर दव होतं का. पुराच्या मॉडेलला तर ठळक अक्षरात लिहा की हे संशोधनासाठी आहे, कधी घर सोडायचं ते प्रशासनाच्या सूचनेवर ठरवा, कारण पुराच्या वेळी व्हॉट्सॲपवर काय काय फिरतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

डीओआय घ्या, नाहीतर श्रेय मिळत नाही

गिटहबची लिंक बदलू शकते, रिपॉझिटरी पुसली जाऊ शकते. डीओआय म्हणजे न बदलणारा कायमचा ओळख नंबर. झेनोडो हे सर्न चालवतं, २०१३ पासून आहे, फुकट आहे आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं. क्रम मात्र पाळा. आधी झेनोडोवर गिटहबनं लॉगिन करा, तिथं आपल्या रिपॉझिटरीचं बटण चालू करा, आणि त्यानंतर गिटहबवर रिलीज (नंबर दिलेली आवृत्ती) काढा. उलटं केलं तर आधीचं रिलीज झेनोडोकडं जात नाही आणि लोक बघत बसतात डीओआय का येईना.

झेनोडो दोन डीओआय देतं, एक त्या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. पेपरमध्ये आवृत्तीचा टाका, कारण आकडे त्याच आवृत्तीतून आलेत. रिपॉझिटरीत सायटेशन डॉट सीएफएफ ही छोटी फाईल टाकली की गिटहब स्वतःच "हे असं साइट करा" म्हणून बटण दाखवतं. त्यात सगळ्यांची नावं आणि ऑर्किड नंबर (संशोधकाचा ओळख नंबर) घाला, आणि सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची, ज्या पोरानं पावसाळाभर बसून रजिस्टरमधले आकडे टाईप केले त्याचं पण. पेपर नाव लपवून रिव्ह्यूला गेला असेल तर मात्र निकाल येईपर्यंत थांबा, तिथं ओळख उघडी पडायला नको.

सॉफ्टवेअर मोठं आणि दुसऱ्यांना वापरण्यासारखं असेल तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, तिथं पैसे पडत नाहीत आणि रिव्ह्यू सगळ्यांसमोर उघड होतो.

टाकल्यानंतर

पहिल्या आठवड्यात कोणीतरी लिहील की चालत नाही. बहुतेक वेळा ती विंडोजची नाहीतर आवृत्तीची भानगड असते, रीडमीमध्ये एक ओळ वाढवा आणि सोडा. तुम्ही आयुष्यभर सपोर्ट द्यायला बांधील नाही, आणि ते सरळ सांगितलेलं बरं, "डिसेंबरनंतर ह्यात सुधारणा होणार नाही" असं लिहून रिपॉझिटरी आर्काइव्ह केली तरी कोड वाचायला राहतोच. खरी चूक सापडली, म्हणजे फूट-इंचासारखी, तर गपचूप दुरुस्त करू नका, काय चुकलं होतं आणि आकडा कितीनं बदलला ते चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) लिहा, नवीन टॅग लावून नवीन रिलीज काढा, झेनोडो तिला वेगळा डीओआय देईल, आणि जुनी आवृत्ती आहे तशीच राहू द्या, कारण छापलेल्या पेपरमधले आकडे तिच्यातून आलेत आणि तपासणारा तिलाच शोधत येणार.